दरवर्षीची तीच पंगत

ये गं, इकडे माझ्याजवळ बस. ती दाराजवळची खुर्ची सोड. तिथून मला तुझं तोंड धड दिसत नाही आणि तुला माझं बोलणं ऐकू येत नाही, मग उगाच हो-हो करत बसतेस. आता राग आला तर येऊ दे, पण काल रात्री तू जे बोललीस ते मला नाही पटलं. चपला काढायच्या आत सुरुवात केलीस, की तिकिटाचे पैसे पाण्यात गेले, त्या विनोदवाल्यानं गेल्या वर्षीचंच सगळं परत सांगितलं, नवं म्हणून एक अक्षर नाही, आणि हॉल मात्र खचाखच भरलेला. लूट आहे म्हणालीस. मी विचारलं, "हसलीस का?" तर म्हणालीस, "हसले, पण मुद्दा तो नाही." अगं, हसायला गेलीस, हसून आलीस, मग एवढं तणतणायचं कशाला? शोभत नाही तुला.

रात्रभर मला आमचे बुवा आठवत राहिले. त्यांचं तुला कधी सांगितलं नाही. आता ऐक, आणि मग लूट का काय ते तुझं तू ठरव.

मी लग्न होऊन कलकत्त्याला आले ती स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांनी. तुझ्या आजोबांचा जन्मच इथला. मामंजी रेल्वेत होते, हेही रेल्वेतच लागले, गार्डन रीचच्या मोठ्या ऑफिसात. राहायला रेल्वेचं क्वार्टर होतं, दोन खोल्या आणि पुढं नदीच्या वाऱ्याची लांब गॅलरी. सासू-सासरे दोघंही नव्हते. होती ती एक धाकटी नणंद, आठ-नऊ वर्षांची, परकर-पोलक्यातली. तिचं मराठी ऐकून पहिल्या दिवशी मला रडूच आलं. शाळेत बंगाली, खेळायला बंगाली, आणि आई लहानपणीच गेलेली, म्हणजे घरात मराठी बोलणार कोण? भाऊ सकाळी ऑफिसात जायचा तो दिवेलागणीला यायचा. मला ती वहिनी म्हणायची नाही, बौदी म्हणायची. एक वाक्य मराठीत सुरू करायची, मध्येच अडायची, आणि उरलेलं बंगालीत संपवून पळून जायची. आमच्या मराठी मंडळातल्या बहुतेक मुलांचं तसंच होतं. घरी आई मराठीत बोलायची, मूल बंगालीत उत्तर द्यायचं, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटायचं नाही.

पण एक गंमत मी आल्या-आल्याच पाहिली. ही पोर रुसली की मात्र शुद्ध मराठीत रुसायची. पानावरून उठायची, पाठ फिरवून बसायची, आणि एखाद्या म्हाताऱ्या माणसासारखा आवाज लावून म्हणायची, "आम्ही जेवायला आलोच नव्हतो. आम्ही फक्त मांडव पाहायला आलो होतो." मी थक्क. समजूत घालायला गेलं की, "आग्रह करू नका. आग्रह केलात तर आम्हाला बसावं लागेल." मी ह्यांना विचारलं, हे हिला कुणी शिकवलं? हे हसले आणि म्हणाले, "गणपतीत कळेल."

मंडळाचा गणपती म्हणजे आम्हा मराठी माणसांची वर्षातली एकच मोठी भेट. त्यात दोन तऱ्हेचे लोक. एक इथंच जन्मलेले, आमच्यासारखे, आणि दुसरे बदलीवर आलेले अधिकारी, कुणी बँकेतले, कुणी सरकारी. मूर्ती इथलाच कुंभार करायचा, त्यामुळं आमच्या गणपतीचे डोळे जरा बंगाली असायचे. एका शाळेचा हॉल घ्यायचा, आरती, कुणाचं गाणं, मुलींच्या फुगड्या, आणि शेवटच्या संध्याकाळी बुवांची नक्कल.

बुवा पन्नाशीचे. किडकिडीत, उंच, डोक्यावर केस कमी. दिसायला अगदी शाळामास्तर. नागपूरकडून निघायचे आणि रेल्वेच्या लाइनीवर जिथं जिथं मराठी माणसं नोकरीला होती तिथं तिथं उतरत यायचे. रायपूर, बिलासपूर, चक्रधरपूर, टाटानगर, खरगपूर, असं करत शेवटी हावडा. आणि प्रत्येक ठिकाणी तीच एक नक्कल. लग्नातली पंगत. एक माणूस, खांद्यावर एक उपरणं, बाकी काही नाही. त्यातच रुसलेले व्याही, त्यातच बहिरे काका, त्यातच "नको, नको" म्हणत पानावर हात आडवा धरणारी आत्या, आणि तोही बोटं फाकवून, म्हणजे तूप पडायचं तिथं पडावं. आणि सगळ्या पंक्तीतून तुपाची तांबली घेऊन फिरणारा वाढपी. पोरांना ही सगळी माणसं तोंडपाठ होती.

मी पहिल्या वर्षी ती नक्कल पाहिली, आणि खरं सांगते, मला तुपाचा वास आला. त्या माणसाच्या हातात काही नव्हतं. पण मनगट असं कलतं व्हायचं, धार सुरू व्हायची, आणि तोडताना एक बारीक झटका, की शेवटचा थेंब पानाबाहेर पडू नये. तो थेंब मला दिसला. मी माहेरी कितीतरी पंक्ती वाढलेल्या, मला ते कळत होतं ना. माझ्या शेजारच्या बाईनं तर पदर आवरून घेतला, तूप सांडेल म्हणून.

बुवांचा मुक्काम आमच्याकडेच असायचा, कारण हे मंडळाचे सेक्रेटरी होते आणि हॉटेलात आपलं जेवण कुठलं मिळायला? त्यामुळं मी जे पाहिलं ते हॉलमधल्या कुणी पाहिलं नाही. सकाळी मी चूल पेटवत असताना ते स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहायचे. "वहिनी, तुपाची तांबली द्या जरा. भरलेली." मी द्यायची. ते गॅलरीत जाऊन ती नुसती हातात धरून उभे राहायचे. वाढायची नाही, हलवायची नाही. मग हलकेच खाली ठेवायचे आणि रिकाम्या हातानं वाढायला लागायचे. पुन्हा उचलायची, पुन्हा ठेवायची. मी एकदा विचारलं, की इतकी वर्षं करताय, आता हे कशाला?

म्हणाले, "वजन विसरतो हात. गाडीत दोन दिवस बॅग धरली की हाताला बॅगेचंच वजन लागतं. मग पंक्तीतल्या माणसाला तूप दिसत नाही."

"कंटाळा नाही येत?"

"पहिली काही वर्षं यायचा. मग मी काही सोडत नाही हे पाहून कंटाळाच कंटाळून गेला."

असं बोलायचे. तोंडावर रेष हलायची नाही.

पैशाचंही ते लपवायचे नाहीत. आपणहून सांगायचे, की ह्याच एका पंक्तीवर त्यांनी गावी घर बांधलं, दोन लेकी उजवल्या. "माझ्या मुलींच्या लग्नात खरी पंगत बसली ती ह्या खोट्या पंक्तीच्या जिवावर," म्हणायचे. दुसरी नक्कल बसवायची त्यांना गरजच वाटली नव्हती.

आता होतं काय, ह्या सगळ्या लाइनीचा हिशेब कलकत्त्यावर टेकलेला होता. आमचं मंडळ मोठं म्हणून लांबचं भाडं आम्ही द्यायचो. वाटेतल्या लहान स्टेशनांना बुवा आयतेच मिळायचे, त्यांनी फक्त बिदागी द्यायची. कलकत्त्यानं हात काढला असता तर बाकीच्यांना त्यांना बोलावणं झेपलंच नसतं. हे बुवांना ठाऊक होतं, ह्यांना ठाऊक होतं, आणि मंडळाच्या नव्या अध्यक्षांनाही ठाऊक होतं.

नवे अध्यक्ष बदलीवर आलेले. मोठे साहेब, माणूस सज्जन, पण कडक. त्यांनी आदल्या वर्षी एकदाच पंगत पाहिली आणि त्यांना कळलं की ती सगळ्यांना पाठ आहे. बैठकीत म्हणाले, ह्या शहरात दर महिन्याला नवं नाटक लागतं, आणि आपण वर्गणी काढून तेच शिळं दरवर्षी विकत घेतो. ह्या वर्षी नवी नक्कल. पंगतच केली तर पुढच्या वर्षी बोलावणं नाही. आणि हे सांगायचं कुणी, तर सेक्रेटरीनं.

हे म्हणजे मुलखाचे भिडस्त. बुवा आले, आंघोळ झाली, जेवायला बसले, आणि हे आपले आमटीतच पाहतायत. शेवटी बुवाच म्हणाले, "बोला सेक्रेटरीसाहेब. आमटीत पडलंय काय?"

"नाही, म्हणजे… मंडळाचं म्हणणं असं आहे, की ह्या वर्षी काहीतरी नवं व्हावं."

"नवं म्हणजे?"

"पंगत सोडून."

बुवांनी घास गिळला. "आणि पंगतच झाली तर?"

"तर मग…" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, जसं काही मीच ते वाक्य पुरं करणार होते. "तर मग पुढच्या वर्षीचं अवघड आहे."

"पुढच्या वर्षीचं, म्हणजे पुढचं सगळंच," बुवा म्हणाले. मग ताक मागितलं. ताक पिऊन झाल्यावर एवढंच म्हणाले, "बरं. करू नवं." माझी नणंद शेजारी जेवत होती, ती पानावरून उठून आत गेली. त्या दिवशी ती नक्कल करून रुसली नाही. खरंच रुसली होती.

दुसऱ्या दिवसापासून गॅलरीत नवी नक्कल सुरू झाली. तुपाची तांबली कुणी मागितली नाही. बुवांनी डोकं मात्र जबर लढवलं होतं. नक्कल कुणाची, तर बदलीवर आलेल्या साहेबाची. सामानाची खोकी येऊन पडलेली आहेत, पण साहेब ती उघडू देत नाही, कारण कुठल्याही दिवशी परत पुण्याला बदली होणार. बायको म्हणते पोळपाट तरी काढा, तर म्हणतो चार दिवस कळ काढ. अशी कळ काढता-काढता सहा वर्षं जातात, पाहुणे आले की खोक्यावर बसतात, मुलगा खोक्यावर अभ्यास करून मॅट्रिक होतो. मी भाजी निवडता-निवडता इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. बुवा ती सावकाश करायचे, एकेक वाक्य मांडून ठेवल्यासारखं. नणंदही दारामागून ऐकायची आणि मधूनमधून हसायची. मला वाटलं, चला, सुटलो. नवी नक्कल आहे, उत्तम आहे, बोलावणं राहणार.

शेवटच्या संध्याकाळी आरती झाली आणि बुवा उभे राहिले. मी बायकांच्या बाजूला, नणंद माझ्या गुडघ्याला टेकून. पुढं सतरंजीवर सगळी मुलं मांडी घालून, आधीच खुदखुदत. बुवांनी उपरणं झटकलं आणि खोक्यांची नक्कल सुरू केली.

आणि काय सुटले म्हणून सांगू. तोफखाना. वाक्यावर वाक्य, साहेबाचं अर्धं बोलणं होतंय तोवर बायकोचं सुरू, मध्ये हमाल, मध्ये शेजारी. बदलीवर आलेली मंडळी तर हसून लोळायची बाकी. एक बाई नवऱ्याला कोपरानं ढोसत होत्या, "ऐका, तुमचंच आहे." पण इथंच जन्मलेले आमचे लोक जरा मागं पडत होते. शेजारी हसला की मग हसत होते. आणि मुलं गप्प. अगदी गप्प. काही वेळानं कुणी चुळबुळायला लागलं, कुणी सतरंजीचे दोरे उपटायला लागलं, दोन पोरं उठून अंगणात गेली. नणंदेनं माझा पदर ओढला आणि कानाशी येऊन विचारलं, "बौदी, घी कोखोन आश्बे?" तूप कधी येणार.

तिला गॅलरीतलं कळलं होतं, हे कळत नव्हतं.

एवढ्यात पुढच्या खुर्चीतून तसाच प्रश्न मोठ्यानं आला. अध्यक्षांची नात, त्यांच्या इथंच दिलेल्या लेकीची, इथंच वाढणारी, आजोबांच्या मांडीवर बसली होती. तिनं बंगालीत विचारलं, हा माणूस काय बोलतोय, आणि व्याही कुठे गेले. हॉल छोटा. सगळ्यांनी ऐकलं. अध्यक्षांनी तिला मराठीत हळूच काहीतरी समजावलं. तिनं मान हलवली, म्हणजे तेही कळलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, आणखी सोपं करून. पुन्हा तसंच. तेव्हा त्यांनी नजर उचलून सतरंजीकडे पाहिलं, सगळ्या मुलांकडे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. त्यांचा चेहरा मला बाजूनं दिसत होता. साहेबाचा चेहरा नव्हता तो.

बुवा थांबले होते. अध्यक्ष म्हणाले, "बुवा, फार छान आहे हे. पण मुलांसाठी म्हणून, थोडं ते…"

"ते म्हणजे, साहेब?"

"पंक्तीचं."

बुवांनी हात जोडले. "मनाई आहे. सेक्रेटरीसाहेबांनी बजावून सांगितलंय."

सगळा हॉल ह्यांच्याकडे वळला. हे बिचारे समईची वात पुढं सारायला लागले, ती सारायची काही गरज नव्हती.

"मी सांगतो," अध्यक्ष म्हणाले. "वाढा."

मग बुवांनी काय केलं, तर उपरणं खांद्यावरून काढून कमरेला बांधलं. बस, तेवढंच. अंगणात गेलेली पोरं कुठून कळलं कोण जाणे, धावत आत आली. रुसलेले व्याही पाठ फिरवून बसले, बुवांनी तोंड उघडलं, आणि आवाज आला तो सतरंजीवरून. "आम्ही जेवायला आलोच नव्हतो." सगळ्या मुलांनी, एका सुरात. बुवांनी आवाज काढलाच नाही. नुसते ओठ हलवले. पुढचं वाक्य, तेही मुलांचं. मग त्यापुढचं. लांबलचक वाक्यं गं, जुन्या माणसांच्या बोलण्यातली, आठ ठिकाणी वळणं घेत जाणारी, आणि ही पोरं कुठं म्हणून अडखळत नव्हती. ज्या मुलाला घरी "पाणी दे" एवढं नीट म्हणता येत नव्हतं तो मुलगा व्याह्यांच्या बहिणीच्या चुलतदिरापर्यंतची सगळी नाती धडाधडा म्हणत होता, आणि जिथं हसायचं तिथं हसत होता. म्हणजे कळत होतं त्याला. पाठ करून-करून, वर्षानुवर्षं तेच ऐकून-ऐकून, कळायला लागलं होतं.

बुवा त्या पंक्तीतून फिरत होते, मनगट कलतं करून, धार धरून, तोडून. प्रत्येक पोरापुढं वाकून वाढत होते. आणि पोरं पानावर हात आडवा धरत होती, बोटं फाकवून.

मी त्या वर्षी बुवांकडे फार पाहिलंच नाही. मी आयांकडे पाहत होते. माझ्या शेजारच्या बाईनं आपल्या मुलाच्या ओठांवर डोळे लावले होते, जसं काही तो पहिल्यांदाच बोलतोय. माझ्या अंगावर काटा आला. आज सांगतानाही येतो, हा बघ.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुवांची गाडी होती. जेवायला वाढताना मी विचारलंच. "बुवा, गॅलरीत तुम्ही खोक्यांची नक्कल किती सावकाश करत होतात. काल एवढे धावलात कशाला? जरा दमानं केली असती तर मुलांनाही कळली असती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहरा शाळामास्तराचाच. म्हणाले, "वहिनी, आमटी फक्कड झालीय. आणखी वाढा."

मी वाढली. दुसरं काय करणार?

हावड्याला पोचवायला अध्यक्ष स्वतः आले होते. बुवांच्या हातात नारळ दिला आणि म्हणाले, पुढच्या वर्षी या, आणि नवं काही बसवत बसू नका, पंगतच करा. बुवांनी नारळ पिशवीत ठेवला. मग शांतपणे म्हणाले, "येतो की. नवं मी ह्या वर्षी तुमच्या शब्दाखातर फुकट केलं. पण जुन्याची बिदागी आता वाढली." माझे हे तर खांबाआड जायच्या बेतात होते. अध्यक्ष इतके हसले, इतके हसले, की हमाल थांबून बघायला लागले. बिदागी वाढवून दिली. वाटेतल्या स्टेशनांनीही वाढवली असणार, बुवा काही सोडणारे नव्हते.

परतीच्या ट्रॅममध्ये मी तोच विचार करत होते. मला त्या माणसाचं काही कळेना, आणि अजूनही पुरतं कळलेलं नाही. त्यानं आम्हाला गुंडाळलं हे तर उघड आहे. स्वतःची उत्तम नवी नक्कल त्यानं आमच्या देखत धावडवून मारली, ती मला फार आवडली होती, ती पुन्हा कधी केली नाही. आणि त्याच संध्याकाळी त्यानं आमची मुलं आमच्या पदरात घातली, हेही तितकंच खरं. ह्यातलं कुठलं आधी ठरवून केलं आणि कुठलं आपसूक झालं, देव जाणे. दोन्ही एकाच माणसाच्या हातून होतं, आणि हात तर रिकामा.

त्यानंतर पाय चालत होते तोवर बुवा येत राहिले. माझी नणंद पुढं पुण्याला दिली. तिच्या सासरी म्हणे सगळ्यांना नवल, की ही कलकत्त्याची पोर इतकं जुन्या वळणाचं मराठी बोलते कशी, सासरेबुवांना शोभेल असं. तिनं कधी सांगितलं नाही कुणाला.

तेव्हा त्या तुझ्या विनोदवाल्याला लूट म्हण, मी नाही म्हणत नाही. पण पुढच्या वर्षी तिकीट काढशील तेव्हा आजूबाजूला बघ, कोण कुठल्या वाक्याची वाट पाहत बसलंय.

आणि हे बघ, आता गेलीस की इतके महिने लावू नकोस. तुमचं बेहाला म्हणजे काही परमुलूख नाही, कलकत्त्यातच तर आहे, एका बसचा प्रश्न. येताना लेकाला घेऊन ये. माझ्याशी मराठीत तो नुसतं "हो" आणि "नाही" म्हणतो, तेही तुझ्याकडे बघून. दोन दिवस ठेव त्याला माझ्याजवळ. मी नवं काही सांगणार नाही त्याला, रोज तेच सांगेन. लवकर ये गं, येत्या रविवारीच ये.